मंगळवार-गुरुवारच्या जादा आठ

आखातातल्या अरादच्या मोठ्या रस्त्यावर, बसथांब्यासमोर, दुपारी चार ते पाच या तासात माणसांनी रविवारी सरासरी सत्त्याण्णव वेळा, सोमवारी पंचाण्णव वेळा आणि बुधवारी शहाण्णव वेळा रस्ता ओलांडला. मंगळवारी आणि गुरुवारी एकशे सहा वेळा. चारही आठवडे असेच झाले.

हे आकडे इरम मुकादम हिच्या वहीत होते. इरम सत्तावीस वर्षांची होती आणि पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती. पाण्यात क्लोरीन किती, हे सांगण्याआधी ती तीनदा तपासून पाहत असे. समोरचा माणूस "मला वाटतं" असे म्हणाला की तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटत असे.

अरादमध्ये पायी चालणाऱ्यांचा, सायकलवाल्यांचा आणि बसने जाणाऱ्यांचा एक छोटा गट होता. भूगोल शिकवून निवृत्त झालेले अमीर सर त्याचे प्रमुख. या गटाची मागणी एकच होती: त्या सहा पट्ट्यांच्या रस्त्यावर, थांब्यासमोर, पादचाऱ्यांसाठी बटणाचा सिग्नल हवा. रस्त्यांच्या कार्यालयाने अटही एकच घातली होती. चार आठवडे मोजा. दुपारच्या त्या तासात सरासरी शंभर नोंदी भरल्या तर विचार करू. कोणी एकदा रस्ता ओलांडला की एक नोंद. इरमने मंगळवार आणि गुरुवार घेतले, तिची मैत्रीण अदीबा हिने उरलेले तीन दिवस. पाचही दिवसांची सरासरी शंभर आली. बरोबर शंभर. हा नेमका आकडा पाहून अमीर सरांना आनंद झाला आणि इरमला संशय आला.

तिला हा सिग्नल का हवा होता, हे गटात सर्वांना ठाऊक होते. तिची आई, रुकय्या, मागच्या वर्षी तो रस्ता ओलांडताना एका गाडीच्या आरशाचा फटका बसून पडली होती. मनगट सहा आठवड्यांत जुळले. पण त्यानंतर रुकय्याने रस्ता ओलांडला नाही. पलीकडे तिची जिवाची मैत्रीण सत्यवती राहत होती. मालवणची, शिवणकाम करणारी. दोघी दिवसाचा बराच वेळ आपापल्या खिडकीत बसून, एकमेकींकडे पाहत, फोनवर बोलत. अंतर बावीस मीटर. इरमने ते नकाशावर मोजले होते.

अर्शद पेवेकर तिला भेटला तो सरावाच्या आठवड्यात, म्हणजे खऱ्या मोजणीच्या आधी. त्या मंगळवारी पाऊस पडला. इथल्या रस्त्यांना पाणी वाहून न्यायची सवय नाही. पंधरा मिनिटांची सर दोन दिवस मुक्काम करते. इरम दक्षिणेकडच्या थांब्याच्या छपराखाली घडीच्या खुर्चीवर बसली होती. हातात अंगठ्याने दाबायचे मोजणीचे यंत्र होते. दाबले की टक् आवाज होऊन आकडा एकाने पुढे जाई. समोरून एक तरुण सायकल हातात धरून निघाला, तीन पट्ट्या ओलांडून दुभाजकावर पोहोचला, पुढच्या गाडीने उडवलेले पाणी अंगावर घेतले आणि परत गेला. असे तीनदा झाले. चौथ्यांदा दुभाजकावर येऊन त्याने तिच्या हाताकडे पाहिले.

"ओ मॅडम! टक् का नाही केलंत?"

"अर्धा रस्ता मोजत नाहीत."

"तीन वेळा अर्धा आलो. दीड तरी धरा!"

"अर्ध्यांची बेरीज होत नाही. पूर्ण या."

"पूर्ण आलो तर काय मिळेल?"

"एक."

तो आला. टक्. शर्टातून पाणी निथळत होते, आणि एखादे बक्षीस मिळावे तसा तो त्या आकड्याकडे वाकून पाहत होता.

हे सारे संभाषण अर्थात हिंदीत झाले होते. तेवढ्यात इरमचा फोन वाजला आणि ती म्हणाली, "नाही गो अम्मी, छपराखाली आहे मी..." तसा तो थबकला.

"दापोली?"

"केळशी."

"मी खाडीपलीकडचा. मंडणगड तालुका." तो हसला. "म्हणजे गावाकडे आपल्या मधे खाडी, आणि इथे हा रस्ता. खाडीत निदान होडी तरी असते. इथे काय आहे?"

"इथे कमिटी आहे," इरम म्हणाली.

तो एसी दुरुस्त करणारा तंत्रज्ञ होता. त्याची शिफ्ट तीनला सुटे. राहायला तो उत्तरेच्या बाजूला होता, इरमच्या घरापासून चार इमारती सोडून. थांब्याला लागूनच एक खब्बाज होता, म्हणजे तंदूरवाला रोटीचा दुकानदार. अर्शदला तिथली रोटी आवडत असे. मोजणी सुरू झाल्यावर मंगळवारी आणि गुरुवारी तो रोटी घ्यायला येऊ लागला. कागदात गुंडाळलेल्या गरम रोट्या छातीशी धरून जाताना एक रोटी तोडून तिच्यापुढे करी.

"ड्यूटीवर आहे," ती म्हणे.

"ड्यूटी अंगठ्याची आहे, तोंडाची नाही."

मग ती एक तुकडा घेई.

रोट्या घरी टाकून तो चहा घेऊन येई. चहावाला मल्याळी होता आणि त्याचे दुकान उत्तरेच्या थांब्याशी होते. तो चहा कागदी कपात देई. अर्शद मात्र काचेचा ग्लास मागून आणी, कारण कागदात करकची, म्हणजे इथल्या घट्ट दूधचहाची, चव उतरत नाही असे त्याचे मत होते. या मताला आधार काय, असे इरमने विचारले.

"तुमच्या लॅबमध्ये कागदी कपात पाणी तपासता का?"

"...नाही."

"खलास."

सायकल पलीकडे कुलपाविना उभी आहे म्हणून तो चहा देऊन लगेच परत जाई. मग ग्लास न्यायला येई, मग ग्लास पोहोचवायला जाई. शेवटी, पाचला दोन मिनिटे कमी असताना, तो तिची खुर्ची न्यायला येई. "तुम्ही मोजा, मी पुढे होतो," असे म्हणून खुर्ची डोक्यावर घेऊन निघे. शेवटची दोन मिनिटे इरम उभी राहून मोजत असे. खुर्ची आधीच कशाला न्यायची, असे तिला कधी वाटले नाही.

सरासरी बरोबर शंभर आल्यावर मात्र तिने तपास हाती घेतला. मंगळवारी-गुरुवारी दवाखाना जास्त वेळ उघडा असतो काय? नसतो. भाजीची गाडी येते काय? रोज येते. मशिदीत मुलांचा वर्ग? तो शनिवारी. अदीबा मोबाईल पाहत बसते आणि माणसे चुकवते, हा चौथा तर्क अदीबाला आवडला नाही.

"मी मोबाईल बघते? आणि तू काय बघतेस गो?"

"रस्ता."

"हो का? बघ हां..." अदीबा एवढेच म्हणाली.

पाचव्या आठवड्यात इरमने दोन चाचण्या केल्या. पहिल्या दिवशी अदीबा उत्तरेच्या बाजूला दुसरे यंत्र घेऊन बसली. दोघींचे आकडे तंतोतंत जुळले. म्हणजे मोजणीत चूक नव्हती. मग इरमने वार बदलला. मंगळवार अदीबाला देऊन बुधवार स्वतः घेतला. मंगळवारी सत्त्याण्णव आले. बुधवारी एकशे पाच. जादा आठ वाराला चिकटलेले नव्हते. ते इरमला चिकटलेले होते. हे निरीक्षण तिने वहीत लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढे काय लिहावे ते तिला सुचले नाही.

अर्शद येतो हे तिला दिसत नव्हते असे नाही. तो ओलांडायचा, ती यंत्र दाबायची. पण रोटी, चहा, ग्लास, खुर्ची हे सारे तिच्या मनात नोंदींच्या खान्यात पडत नव्हते. ते कोणत्या खान्यात पडत होते, हे तिने तपासले नव्हते.

उत्तर रुकय्याने दिले, आणि तेही भाकरी थापता थापता.

"आठ कसले शोधतेस? तो पेवेकरांचा पोरगा. येताना चार, जाताना चार."

इरमने वहीतून डोके वर काढले. "तुला काय ठाऊक?"

"वर्ष झालं, या खिडकीत बसून आहे मी. दुसरं बघायला आहे काय? तस्बीहवर मोजलंय. तू बसतेस त्या दिवशी आठ मणी. ती अदीबा बसते तेव्हा एक पण नाही."

"तो रोटी घ्यायला येतो, अम्मी."

"त्याच्या बिल्डिंगखाली खब्बाज आहे." रुकय्याने भाकरी उलटली. "तिथे रांगही नसते. त्याच्या खालाला फोन करून विचारलं मी. पोरगा चांगला आहे. चहा जास्त पितो म्हणाली."

तस्बीहची नोंद स्वतंत्र होती, सलग होती आणि निरीक्षकाला निकालात स्वारस्य असल्याचा दोष सोडला तर निर्दोष होती. इरमने तीन तास दुसरे स्पष्टीकरण शोधले. सापडले नाही.

त्या गुरुवारी अर्शद खुर्ची न्यायला आला, तेव्हा ती खुर्चीवरून उठली नाही.

"तुमच्या बिल्डिंगखाली खब्बाज आहे."

त्याने थांब्यालगतच्या दुकानाकडे पाहिले. मग म्हणाला, "त्याची रोटी थोडी... जाड असते."

"मिस्टर पेवेकर, शंभरात तुमचा वाटा आहे. दोन दिवस, आठ-आठ. तो वगळला तर सरासरी शहाण्णव पूर्णांक आठ येते. सिग्नल मिळणार नाही."

"मग वगळू नका! मी काय भूत आहे? खरंच ओलांडलाय मी रस्ता. दोन वेळा मरता मरता वाचलोय. नियम काय आहे, एकदा ओलांडलं की एक. पूर्ण आलो की नाही?"

"आलात. पण कार्यालयाला जाणून घ्यायचंय ते वेगळं आहे. मी इथे बसले नसते, तर तुम्ही किती वेळा ओलांडला असता?"

त्याने खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात काढून घेतला. समोरून बस गेली, तिच्या वाऱ्याने इरमच्या वहीची पाने फडफडली. ती दाबून धरायला दोघांचे हात एकदमच पुढे झाले आणि एकदमच मागे आले.

"शून्य," तो म्हणाला. "तू नसतीस तर... शून्य."

या उत्तरात 'तुम्ही' नव्हते, हे इरमच्या ध्यानात आले. तिने घड्याळाकडे पाहिले. पाच वाजून तीन मिनिटे झाली होती. मोजणी संपली होती, आणि तरी तिचा अंगठा यंत्रावरच होता.

"मग मला ते वगळावे लागतील," ती म्हणाली.

"मला पण?"

"आकडे म्हटलं मी."

तो खाली, फरसबंदीच्या कडेवर बसला. "तुझ्या अम्मीसाठी वाईट वाटतं," तो म्हणाला. "ती सत्यवतीमावशी तरी येते बिचारी. मी रोज बघतो तिला उतरताना, चहावाल्याच्या समोर."

"उतरताना? कशातून?"

"बसमधून. कशातून म्हणजे?"

"पण ती तर इथून चढते." इरम उभी राहिली. "माझ्यासमोर चढते. मला सलाम करून."

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. बस थांब्यावरून निघे, पुढच्या गोल चौकाला वळसा घाली आणि उलट दिशेने येऊन समोरच्याच थांब्यावर उभी राही. सत्यवती रस्ता ओलांडण्यासाठी बसचे तिकीट काढत होती. इरमने तिला चढताना पाहिले होते, अर्शदने उतरताना. सत्यवतीमावशी अम्मीकडे येते, हे इरमला वर्षभर ठाऊक होते. ती माहिती घरातली म्हणून तिने कधी वहीत आणली नव्हती.

"ती एकटीच नाही," अर्शद सावकाश म्हणाला. "उतरणारे पुष्कळ असतात. आणि त्यांतले बरेच... पिशव्या घेऊन नुसते समोर बघत असतात. जिथून निघाले तिकडेच."

अहवाल रविवारी जायचा होता. इरमने अमीर सरांकडे तीन दिवस मागितले आणि आठ नोंदी वगळत असल्याचेही सांगितले. सर इंग्रजीत, शांतपणे म्हणाले, "बेटी, शंभर नसतील तर ते फाईल बंद करतील."

"असलेले शंभर खरे नाहीत, सर. ते पाठवले तर मी वही बंद करेन."

रविवार, सोमवार, मंगळवार. इरम दक्षिणेच्या थांब्यावर, अर्शद उत्तरेच्या. दोघांमध्ये फोन.

"हिरवी ओढणी, कणसांची पिशवी. चढली."

थोड्या वेळाने: "उतरली. म्हातारबाबा, निळी टोपी?"

"तेच. बरोबर नात."

"नात पण उतरली. तिला भूक लागलीय... आता राखाडी स्कार्फ, हातात वही, कपाळावर आठी."

"ती चढलेली नाही."

"ठाऊक आहे. मी नुसतं वर्णन करतोय."

"लाईन मोकळी ठेवा."

"ठेवली... आठी गेली."

तीन दिवसांची सरासरी आली एकतीस. एका तासात एकतीस माणसे बावीस मीटर रस्ता ओलांडण्यासाठी सरासरी एकोणीस मिनिटे बसमध्ये काढत होती. त्या तीन दिवसांत अर्शदने स्वतः एकदाही रस्ता ओलांडला नाही. त्याने आपल्या बिल्डिंगखालची रोटी खाल्ली. ती जाड असल्याची तक्रार त्याने फोनवर दोनदा केली.

अहवालात इरमने लिहिले: सरासरी शहाण्णव पूर्णांक आठ, अट पूर्ण होत नाही. न ओलांडणारे पण ओलांडू इच्छिणारे, एकतीस. कच्च्या आकड्यांतून मंगळवार व गुरुवारच्या प्रत्येकी आठ नोंदी वगळल्या आहेत, कारण तपासाधीन.

"तपासाधीन?" अर्शदने वाचून विचारले. "मी शून्य म्हणालो ना. अजून काय तपास राहिलाय?"

"ती एका बाजूची साक्ष झाली."

"आणि दुसऱ्या बाजूची?"

"पुरावा गोळा करणं चालू आहे."

"किती दिवस चालेल?"

"सांगता येत नाही," ती म्हणाली. मग तिने त्याच्या हातातला चहाचा ग्लास घेतला आणि, जे तिने आधी कधी केले नव्हते, तो पोहोचवायला स्वतः त्याच्यासोबत पलीकडे गेली. दुभाजकावर गाड्या जाईपर्यंत थांबावे लागले. एका माणसाला पुरेल एवढीच तिथे जागा होती. दोघे थांबले.

जानेवारीत कार्यालयातून दोन माणसे पाहणीला आली आणि एकतीस या आकड्यापाशी अडली. ती स्वतः बसमध्ये बसली, गोल चौकाला वळसा घालून पलीकडे उतरली, घड्याळ पाहिले, आणि एकमेकांशी अरबीत काहीतरी बोलली. एप्रिलमध्ये सिग्नल उभा राहिला, प्रायोगिक म्हणून. हिरव्या दिव्याची मुदत चोवीस सेकंद.

पहिल्या संध्याकाळी रुकय्या खाली आली. बटण तिने दोनदा दाबले. इरम म्हणाली, एकदाच पुरते. रुकय्या म्हणाली, असू दे. दिवा हिरवा झाला. सहा पट्ट्यांवरच्या गाड्या थांबल्या, आणि वर्षभर खिडकीतून पाहिलेल्या त्या डांबरावर तिने पाऊल ठेवले. मनगट नकळत पोटाशी धरले होते. दुभाजकापाशी ती क्षणभर अडखळली...

"अम्मी, अकरा सेकंद आहेत."

"मोजू नकोस गो. चालतेय मी."

पलीकडे सत्यवती पदर खोचून उभी होती. "किती हळू चालतेस रुकय्या! बसने आली असतीस तर आधी पोहोचली असतीस."

"बसने तूच फीर," रुकय्या म्हणाली, आणि दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. तीन सेकंद उरले होते.

खब्बाजच्या दारात अर्शद रोट्या घेऊन उभा होता. त्याच्याकडे इरमला द्यायचा एक कागदही होता. सकाळी अमीर सरांनी पोहोचवायला दिलेला. कार्यालयाचे पत्र होते ते. सिग्नल कायम करण्यासाठी फाईल पूर्ण हवी. अहवालात एक शेरा अपूर्ण आहे. वगळलेल्या नोंदींचे कारण कृपया स्पष्ट लिहून कळवावे.

"सरकारनेच विचारलंय," अर्शद म्हणाला. त्याचा आवाज चेष्टेचा होता. हात मात्र रोट्यांच्या कागदाची उगाच घडी घालत होता, उलगडत होता. "आता तपासाधीन चालणार नाही."

"नाही चालणार."

"मग काय लिहिणार?"

इरम थांब्याच्या बाकावर बसली. घडीची खुर्ची आता लागत नव्हती. तिने वही उघडली आणि आधी कच्चे, मराठीत लिहिले. इंग्रजी नंतर होणार होते. लिहून झाल्यावर तिने तीनदा तपासले, एकही शब्द बदलला नाही, आणि वही त्याच्याकडे वळवली.

मंगळवार व गुरुवारच्या जादा आठ नोंदींचे कारण: अर्शद पेवेकर, वय एकोणतीस, राहणार अराद. मोजणी करणारी त्याला आवडते, म्हणून तो रस्ता ओलांडत होता. मोजणी करणारीलाही तो आवडतो. म्हणून समोर दिसणारे कारण तिला पाच आठवडे दिसले नाही.